झाडं संपतात तिथला आडोसा

"मॅडम, यादीतून हिचं नाव काटा," तायडे सर म्हणाले.

चिखलदऱ्याच्या घाटात एका वळणावर, कठड्यावर तायडे सिस्टर बसल्या होत्या. तोंड उतरलेलं, डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलेलं. बाकीची मंडळी पुढच्या वळणावर फोटो काढत होती. ही नुसती प्रॅक्टिस वॉक होती. खरा ट्रेक हिमालयात, तोही महिन्याभरानं. आणि बाई इथे आमच्या सातपुड्यातच बसली.

"सर, थांबा. आधी त्यांना श्वास घेऊ द्या, नाव मग काटू."

"नाई मॅडम, मी सांगून राहिलो ना. तिच्यानं होत नाई. तिकडं बर्फात काई झालं म्हंजे? साठी उलटली तिची."

सिस्टरनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "अन् तुमची काय पंचविशी सुरू हाय?"

एवढं तिखट बोलता येतंय म्हणजे बाई शुद्धीवर आहे, हे मला कळलं. पण मग झालं काय होतं?

माझा अमरावतीत ट्रेक नेण्याचा छोटासा धंदा आहे. लोकांना वाटतं, मी बारा महिने डोंगर चढते. छे हो! माझं खरं काम प्लॅनिंगचं. कोणता रस्ता, कोणती माणसं, रोज किती चालायचं, पाणी कुठे, तंबू कुठे. निम्मा ट्रेक टेबलावरच होतो. आमच्या धंद्यात 'मॉडरेट' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ, दोर-बिर लागत नाही, पण रोज पाच-सहा तास चढ-उतार, तंबूत झोपणं आणि विरळ हवेत धापा टाकणं आलंच. लोक 'मॉडरेट' ऐकतात आणि 'मजेत' असं समजतात.

हा ग्रुप अकोल्याचा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. त्यांचे पुढारी वानखडे भाऊ. दर्यापूरकडे शेती, घर अकोल्यात, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. तायडे सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्या बायको विमलताई सरकारी नर्स होत्या, दर्यापूर तालुक्यात खेड्यापाड्यांत नोकरी केलेल्या. रिटायर झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.

पहिली मीटिंग तायड्यांच्या हॉलमध्ये झाली. जयभीम-नमस्कार झाले, पोहे आले, आणि वानखडे भाऊंनी सुरुवात केली.

"मॅडम, आमाले तो फेमसवाला ट्रेक पायजे. माह्या साळ्यानं केला. त्याचे फोटो पाहून पाहून डोकं पिकलं."

"त्या फोटोंत साळ्याच्या मागे किती माणसं दिसतात, मोजली का? रांग लागते भाऊ तिथे. रेशनच्या दुकानावर लागत नाही एवढी."

मी त्यांना दुसरा रस्ता सुचवला. कुमाऊँकडचा, शांत. सुरुवातीला जंगल, मग बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ मैदान. शेवटच्या कॅम्पवरून एक दिवस वर खिंडीत जायचं आणि त्याच कॅम्पला परत यायचं. वाटेत ना हॉटेल, ना टपरी, ना दुसरे ग्रुप. रस्त्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या वर्षी तिथे चहा-नूडल्सचे ठेले उभे राहतील.

"खिंडीतून दिसते काय?" सिस्टरनी तेवढंच विचारलं.

"पलीकडची बर्फाची शिखरं. रांगच्या रांग."

"मंग मले तेच पायजे. सारी नोकरी सपाटीत गेली माही. दर्यापूरले पाहाल तिकडं सपाट. एक डाव उंचावर उभं राहून पाह्यचं हाय."

हे त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की वानखडे भाऊसुद्धा साळ्याला विसरले. रस्ता ठरला.

आता तयारी. आमच्या वऱ्हाडात चढ कुठून आणायचा? अकोल्यात चढ म्हणजे उड्डाणपूल! रोज सकाळी पाठीवर तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन अख्खा ग्रुप पुलावर खाली-वर. लोक गाड्या थांबवून विचारायचे, नवस-बिवस आहे का? आणि पुलावर सगळ्यांत पुढे कोण, तर तायडे सिस्टर. म्हणूनच घाटात त्या बसल्या तेव्हा माझं डोकं चालेना.

मी त्यांची सॅक उतरवायला गेले. उचलली तर ही जड! बाजूच्या खिशांत दोन बाटल्या, दोन्ही गळ्यापर्यंत भरलेल्या. एप्रिल महिना, वऱ्हाडचं ऊन, पहाटे परतवाड्याला उतरल्यापासून चाल सुरू, आणि बाटलीतला थेंब हललेला नाही. मी सरांना चहा आणायला पुढे पिटाळलं आणि सिस्टरजवळ बसले.

"सिस्टर, सकाळपासून पाणी किती प्यालात?"

"पेली ना."

"बाटल्या तर भरलेल्या आहेत."

त्या हळूच म्हणाल्या, "घरून निंघताना अर्धा कप चहा."

"काहून पण?"

"अवो मॅडम, बाईमाणसानं रस्त्यात जावं कुठं?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना. "माही सारी नोकरी खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, तोंडात धरवत नाई. अन् उन्हाळ्यात वावरं रिकामी झाली की झाड नाई, झुडूप नाई. कोसावरचा माणूस दिसते. जीपमंदी माणसंच माणसं. कोणाले म्हणू, थांबवा म्हणून? मंग सवयच लागली. निंघाच्या आधी पाणी बंद. घरी आल्यावर तांब्याभर."

"आणि खेड्यातल्या बायांना काय सांगत होतात?"

"पाणी भरपूर प्या म्हणून," असं म्हणून त्या स्वतःच फिस्सकन हसल्या.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पुलावरची चाल अर्ध्या-पाऊण तासाची, म्हणून तिथे हे कधी उघडं पडलं नव्हतं. मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं चेहऱ्यावर रंग आला, आणि उरलेला घाट बाई बोलत बोलत चढली.

त्यांचं नाव राहिलं. पण माझी खरी अडचण आता सुरू झाली. डोंगरात उंचावर हवा कोरडी असते. धापेसरशी अंगातलं पाणी जातं आणि थंडीमुळे तहान लागत नाही. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं. विरळ हवा बाधली तरी आधी डोकंच दुखतं. गाईड बिचारा दोन्हींतला फरक कसा ओळखणार? तो वर जाऊ देत नाही, आणि बरोबरच करतो. त्यात बुग्यालवर झाडं नसतात. एका उंचीनंतर झाड उगवतच नाही. म्हणजे मी सिस्टरना दर्यापूरच्या सपाटीतून उचलून दर्यापूरच्याच सपाटीत नेणार होते, फक्त मागे बर्फ लावून. जिथे पाण्याची सगळ्यांत जास्त गरज, तिथेच आडोसा नाही.

सरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मंग तो फेमसवालाच घेऊ. तिथं संडास हायेत."

"हायेत," मी म्हटलं, "पण त्यांत पाय ठेवण्यापेक्षा माणूस पाणी पिणंच सोडेल."

सिस्टर म्हणाल्या, "मले रांगेत उभं राहून शिखर पाह्यचं नाई. सांगून ठेवते."

मग मी आमचा गाईड बलवंत याला फोन लावला. एरवी सामानाची खेचरं सकाळीच पुढे पळतात, म्हणजे आम्ही पोचेपर्यंत कॅम्पवर जेवण तयार. मी म्हटलं, एक खेचर आमच्याबरोबर चालेल, त्याच्यावर टॉयलेटचा छोटा तंबू असेल.

"मॅडम जी, फिर किचन का सामान लेट होगा. खाना भी लेट होगा."

"होने दो. इनके पास इतना चिवड़ा है कि तुम्हारा पूरा गाँव खा ले."

दुसऱ्या मीटिंगमध्ये मी सरळ विषय काढला. दर तासाला थांबायचं. पुरुषांनी पुढे, वळणापलीकडे जायचं. बायका मागे. प्रत्येकाची बाटली कॅम्पवर पोचेपर्यंत रिकामी झालीच पाहिजे. हॉलमधले सगळे पुरुष एकदम पंख्याकडे पाहायला लागले.

"मॅडम," वानखडे भाऊ पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले, "हे असं मिटिंगमंदी बोलाचं असते काय?"

"इथे लाजलो तर वर दवाखाना नाही, भाऊ."

तेवढ्यात दाराशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं तोंड उघडलं. "बोला मॅडम, बोला तुमी. मी बी पेत नाई."

"मी बी," दुसरी म्हणाली. मग तिसरी. एकीला म्हणून औषध द्यायला गेले तर घरचं घर आजारी निघालं. वानखडे भाऊ बायकोकडे पाहतच राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना हे ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात आम्ही निघालो. जंगलातले दिवस मजेत गेले. झाडं होती, त्यामुळे तंबूची वेळच आली नाही. तायडे सर मात्र दर वळणावर मास्तरकी करत होते. "विमल, पेली का? दाखव बाटली." त्या दाखवायच्या, सर मान डोलवायचे.

मग झाडं संपली. बुग्यालवर पाय ठेवला आणि वारा असा सुटला की टोपी धरावी की ओढणी, कळेना. पहिल्याच थांब्यावर खेचरवाल्यानं माझा तो तंबू उघडला. खुंटी ठोकायच्या आत तंबू त्याच्या हातातून सुटला आणि उताराला लागला. खेचरवाला मागे, तंबू पुढे. माझं सगळं प्लॅनिंग डोळ्यांदेखत दरीकडे चाललं होतं. तो हाती लागला तेव्हा काड्या मोडलेल्या होत्या.

सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी काय सांगणार, कपाळ?

सिस्टरनी सॅक उघडली आणि आतून एक जुनं सुती लुगडं काढलं. नऊवारी, धुऊन धुऊन मऊ झालेलं. रात्री पांघरायला म्हणून आणलेलं.

"धरा वो दोन टोकं," त्या म्हणाल्या. "निंदाले-खुरपाले जाणाऱ्या बाया वावरात काय करते? तंबू नेते काय?"

दोघींनी टोकं धरली, पाठ फिरवून उभ्या राहिल्या. वाऱ्यानं लुगडं फुगलं, पण हातातून सुटलं नाही. आत एक, बाहेर चौघी, आणि हसणं असं की आमच्याबरोबरचं खेचरसुद्धा कान टवकारून उभं राहिलं. त्या दिवसापासून एकीचीही बाटली भरलेली परत आली नाही.

शेवटच्या कॅम्पवर संध्याकाळी बलवंतनं सगळ्यांना तपासलं. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, डोकं दुखतं का विचारायचं. सिस्टर फर्स्ट क्लास. तायडे सरांपाशी आल्यावर तो थांबला. आकडा कमी. सरांचं तोंड उतरलेलं, कपाळावर आठ्या.

"सर, सिर दुखता है?"

"थोडंसं."

मी त्यांची बाटली उचलली. गच्च भरलेली.

"सर! तुमी?"

"थंड पाणी दातांले लागते," ते पुटपुटले. "चहा पेलो ना मी."

बायकोची बाटली तपासता तपासता मास्तरांनी स्वतःचा पेपर कोरा ठेवला होता. बलवंतनं सांगितलं, सर उद्या वर जाणार नाहीत. आमचा नियमच आहे. डोकं दुखत असेल तर वर चढायचं नाही. इथेच बरं वाटलं तर ठीक, नाहीतर खाली.

सिस्टरनी क्षणाचाही विचार केला नाही. "मंग मी बी थांबते ह्यायच्यापाशी."

सिस्टर खिंडीत पोचाव्यात, यासाठीच तर केला होता अट्टहास! पण नवऱ्याला सोडून जा, असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? सर हातातल्या बाटलीकडे पाहत बसले होते. मग त्यांनी मान वर केली.

"मॅडम, माहं नाव काटा. हिचं ठेवा."

"अन् तुमाले कोण पाहीन?" सिस्टर म्हणाल्या.

"स्वयंपाकी हाय ना इथं. मी काय लेकरू हाय? गरम पाणी पेत बसतो. तू जाय. सारं पाहून ये अन् मले सांग."

सिस्टर उठल्या, मीठ-साखरेचं पाणी केलं, आणि स्वयंपाक्याला हिंदीत अशा सूचना दिल्या की तो बिचारा जी मॅडम, जी मॅडम म्हणत उभाच राहिला.

सकाळी सरांचं डोकं हलकं होतं, पण नियम तो नियम. आम्ही त्यांना कॅम्पवर ठेवून निघालो. चढ खडा होता. सिस्टर सावकाश चालत होत्या, दर थांब्याला पाणी पीत होत्या. खिंडीत पोचलो आणि समोर ती रांग उघडली. पांढरीशुभ्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मलाही भरून आलं. खोटं कशाला सांगू?

बऱ्याच वेळानं त्यांनी बाटली काढली, उरलेलं पाणी घटाघट संपवलं. आणि मग भर खिंडीत, सगळ्या पुरुषांसमोर, खड्या आवाजात म्हणाल्या, "चला वो बायांनो, लुगडं धरा!"

वानखडे भाऊ ताडकन उठले. "ए चला रे, पुढं व्हा! मांगं कोनी पाह्यचं नाई!"

संध्याकाळी कॅम्पवर सर तंबूबाहेर बसले होते, ठणठणीत. समोर दोन रिकाम्या बाटल्या, बायकोला दिसतील अशा मांडलेल्या. "काय काय दिसलं?" त्यांनी विचारलं. सिस्टर सांगायला बसल्या, त्या अकोला स्टेशन येईपर्यंत सांगत होत्या.

आता कोणताही रस्ता निवडताना मी उंची नंतर पाहते. झाडं कुठे संपतात, ते आधी. आणि सोबत आणायच्या सामानात मी एक वस्तू वाढवली आहे. परवा पुण्याच्या एका ग्रुपमधल्या मुलीचा फोन आला. "मॅम, यात नऊवारी लिहिलंय. फोटोशूटसाठी का?"

म्हटलं, "हो. आणा. सुतीच आणा."