झाकणावरचा नंबर

तुमसरच्या बाजारातून मी एका निरपराध माणसाला बेड्या घालून नेलं. ती दुपार अजून मनातून जात नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. भंडाऱ्यातल्या एका सहकारी संस्थेकडे सारखेच दोन संगणक होते. एक तुमसरच्या रेडिओ मेकॅनिककडे दुरुस्तीला गेला आणि मागे राहिलेला चोरीला गेला. फिर्यादीत संस्थेच्या नोंदवहीवरून उतरवलेला चोरीच्या यंत्राचा नंबर होता. खबऱ्याने सांगितलं, त्याच नंबरचं यंत्र मेकॅनिकच्या दुकानात आहे. छापा घातला. झाकणावरची पट्टी फिर्यादीशी तंतोतंत जुळली.

"हा तर चोरीचा. मग दुरुस्तीला आलेला कुठं विकला?" मी दरडावलं.

"साहेब, माह्याकडं एकच हाय. ऑफिसनं देल्ला तोच हा."

त्याचा बाप ठाण्याच्या पायरीवर बसून होता. म्हणाला, "पोरानं चोरी केली असन तं ठेवा आत. पण नसन केली तं? बाजारात त्याच्या हाती रेडिओ कोण देईन?"

मी त्याला वळसा घालून जीपकडे गेलो.

जबाब घ्यायला संस्थेत गेलो, तेव्हा तिथला कारकून सहज बोलून गेला, "एक दुरुस्तीले जायच्या आधी, खंडेनवमीले दोन्हींची झाकणं काढून धुतली, मंग पूजा केली. देवाले कपड्यासकट कोण आंघोळ घालते, साहेब?"

"मग कोणतं झाकण कोणावर बसवलं?"

तो गडबडला. "सारखीच तं होती!"

चोरीचा ट्रक पकडला की मी नंबरपाटीवर कधीच विसंबत नसे. चेसिसवर ठोकलेला नंबर घासून वाचत असे. इथं यंत्र नवीन म्हणून झाकणावर विश्वास ठेवला. ठाण्यात परतून जप्त केलेल्या यंत्राचं झाकण उघडलं. आतल्या सांगाड्यावर वेगळाच नंबर ठोकलेला होता. कंपनीकडून खात्री केली; तो दुरुस्तीला दिलेल्या यंत्राचाच होता, मेकॅनिक खरं बोलत होता. चोरीचं यंत्र गोंदियाच्या एका भंगारवाल्याकडे मिळालं. झाकणावरचा नंबर जुळत नाही म्हणून माझ्याच माणसांनी ते आधी पाहून सोडून दिलं होतं.

मेकॅनिकला सोडलं. बाजाराने पाहावं म्हणून मी स्वतः त्याच रस्त्याने त्याला दुकानापर्यंत पोचवायला निघालो. एक पानवाला ओरडला, "काहून साहेब, अजून माल भेटला का?"

"नाही, हा निर्दोष आहे," मी मोठ्याने म्हणालो. कोणी ऐकलं, कोणी हसलं.

मेकॅनिक हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही आता वापस जा. तुम्ही संग असान तोवर लोकं तेच समजतीन."

पुढच्या नोकरीत संगणकाच्या प्रत्येक पंचनाम्यात मी आतला नंबर आधी लिहून घेतला. आणि बेड्या घालून पुन्हा कुणालाच बाजारातून नेलं नाही. त्या दिवशी मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. तो एकटाच खाली मान घालून दुकानाकडे गेला.