सहा हजार डोळे, तीन रंग

डोळेवालीला माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, डोळा राही. रस्त्यात कुणी हात केला की ती आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायची, त्यातला एक आपण केलेला आहे की दोन्ही देवाचेच आहेत ते ठरवायची आणि मग ओळख द्यायची. त्या शहरात सतरा वर्षांत तिने हजारावर काचेचे डोळे केले होते. ते लावणाऱ्यांपैकी एकालाही तिचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. म्हणून ती डोळेवाली.

ती परदेशी. तिचे वडील प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या फुंकायचे आणि ती नवव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी ज्योतीपुढे बसायची. बाविसाव्या वर्षी लग्न लागलं. चौथ्या महिन्यात नवरा म्हणाला, "आता ते फुंकणं पुरे. शोभत नाही." ती म्हणाली, "शोभा तुम्ही सांभाळा," आणि बॅग उचलून निघाली. आईने आठ दिवस अंथरूण धरलं. वहिनीने तिचा फोटो पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत नेला. घरात दुसरं काहीच घडलं नाही, पण बोलणाऱ्यांना वर्षभर पुरलं. धाकट्या भावाचं पत्र मात्र दर सहा महिन्यांनी यायचं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं होतं, "ताई, परत ये. लोक काय म्हणतील ते आता म्हणून संपलं."

डोळ्यांचं काम ती घर सोडल्यावर एका म्हाताऱ्याकडे शिकली. तोंडाने घाण आणि हाताने स्वच्छ असा तो माणूस होता. तो मेल्यावर त्याचं टेबल, गॅसची ज्योत, रंगीत काचेच्या कांड्या आणि त्याचा कोट तिच्याकडे आला. कोट ती घालायची. त्या कोटात, तोंडात सिगारेट धरून ती बाजारात निघाली की बाया मुलांना जवळ ओढायच्या. तिला त्यात गंमत वाटायची.

गिऱ्हाईक समोर खुर्चीवर बसवायचं, त्याचा उरलेला डोळा उजेडात बघायचा आणि काम सुरू करायचं. पांढऱ्या काचेची नळी तापवून फुंकली की अंड्याएवढा फुगा होतो. त्यावर रंगीत काचेचा थेंब, त्यात केसासारख्या रेघा, मधोमध काळा ठिपका, वर पारदर्शक काचेचा एक टिपूस. मग लाल धाग्यांनी शिरा. शिरा कुणाच्या किती तांबारलेल्या आहेत तेही ती बघायची. दारुड्याला दारुड्याचाच डोळा मिळे. समोर माणूस नसेल तर ती ज्योत पेटवत नसे. "डोळा कुणाचा तरी असतो," एवढंच ती म्हणायची.

खाली तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान होतं. चष्मेवाला तिच्याकडे एकडोळी गिऱ्हाइकं पाठवायचा. पुढे निरोप द्यायच्या निमित्ताने स्वतःच वर यायला लागला आणि मग निमित्तही लागेना. अशी नऊ वर्षं. काम संपलं की तो तिच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा काढायचा, नाकावरचा घाम आपल्या बाहीने पुसायचा आणि काच पुसून चष्मा खिळ्याला अडकवायचा. ते प्रेम होतं, त्यात खोट काढण्यात अर्थ नाही. दोनदा त्याने लग्नाचं विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "रोज संध्याकाळी जिना चढून येतोस, ते मला आवडतं. कायद्याने चढायला लागलास की आवडणार नाही."

त्याच्या आईला हे सगळं पटत होतं असं नाही, पण म्हातारी विनोदी होती. "अगं, चूल फुंकणाऱ्या बायका पाहिल्या, कान फुंकणाऱ्या तर घरोघर असतात. डोळे फुंकणारी तूच."

"तुमच्या मुलाचे कान तेवढे तुम्ही फुंकू नका, म्हणजे झालं," डोळेवाली म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

मग युद्ध येणार असं ठरलं. आलं नव्हतं, पण लोक पाहुण्याची वाट बघावी तसे नटून बसले होते. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या चिकटल्या. खाटकाने दुकानाला झेंडा लावला आणि त्याखाली सोललेली बोकडं तशीच टांगलेली राहिली. शाळेच्या मैदानात कवायत करणाऱ्या पोरांना बघायला बाया खुर्च्या घेऊन जात. त्या बायांचे घामेजलेले, खूश चेहरे दिसले की डोळेवाली वाट बदलायची. या पोरांचं काय होणार हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच त्यांना चव आली होती.

सोमवारी नोटीस लागली. परदेशी माणसांनी शुक्रवारी दुपारपर्यंत नोंद करून देश सोडायचा, इथल्या माणसाशी लग्न झालेलं असेल तर राहता येईल. त्याच संध्याकाळी चष्मेवाला वर आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"आता तरी हो म्हण. तू गेलीस तर मी या जिन्याचं काय करू?"

ती दोन दिवस विचार करत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, गुडघे दुखतात, तिकडे मागच्या खोलीतला एक फोटो आणि इकडे हा माणूस. बुधवारी सकाळी तिने भावाला पत्र टाकलं, "मी लग्न करते आहे. हसायचं असेल तर हसा." पत्रपेटीत पाकीट पडलं तेव्हा तिला चक्क हलकं वाटलं.

दुपारी सैन्याचा पुरवठा अधिकारी आला. त्याच्यामागून चष्मेवाला, हात चोळत. अधिकाऱ्याने टेबलावरचा एक तयार डोळा उचलला आणि गोटीसारखा तळहातावर फिरवला.

"उत्तम. सहा हजार लागतील. तीन रंग. तपकिरी जास्त, निळे त्याहून कमी, राखाडी थोडे."

"कुणाचे?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"डोळे कुणाचे करायचे? माणसं कुठे आहेत?"

अधिकारी हसला. "माणसं आत्ता कवायत करताहेत, बाई. ज्यांचे जायचे आहेत त्यांचे. पहिल्या खेपेला एवढे पुरतील, असा हिशेब आहे." त्याने कागद काढला. "करारात सगळं आहे. दुकान यांचं, काम मालकाच्या पत्नीचं, कुशल कारागीर. त्या तुम्हीच ना?"

"तारीख कधीची आहे?"

त्याने वाचून दाखवली. तीन आठवड्यांपूर्वीची होती. चष्मेवाल्याने विचारलं परवा, आणि बायको करून टाकली होती तीन आठवडे आधी.

अधिकारी गेल्यावर चष्मेवाला टेबलाशी बसला. त्याने डब्यातून उकडलेलं अंडं काढलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सोलायला लागला. तो रोजच अंडं खायचा. आज तिला अंड्याची ओली, गुळगुळीत पांढरी कड आणि चष्मेवाल्याचे ओठ एकदमच दिसले.

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू हो म्हणशील ते मला ठाऊक होतं."

"मला ठाऊक नव्हतं."

"हे बघ, डोळे तर लागणारच. आपण थोडेच फोडणार आहोत? तू नाही केलेस तर कुणीतरी भिकार करून देईल. त्या पोरांनी भिकार डोळे घालून फिरावं का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच त्यातली घाण. आणि त्याहून वाईट म्हणजे तो बोलत असताना तिच्या डोक्यात भलतंच चाललं होतं: राखाडी कांडी संपत आली आहे, मागवावी लागेल. ते स्वतःच्या लक्षात आलं तशी ती उठून मोरीत गेली आणि ओकली.

"पोटात काही गेलं का?" त्याने बाहेरून विचारलं. तोंडात घास होता.

"नऊ वर्षं," ती म्हणाली, पण नळ चालू होता.

शुक्रवारी सकाळी बॅग घेऊन ती नोंदणीच्या हॉलमध्ये रांगेत उभी राहिली. हॉलला ओल्या लोकरीचा आणि माणसांच्या भीतीचा वास येत होता. भिंतीवर नोटिशीचं दुसरं पान होतं, ते तिने आधी वाचलं नव्हतं. युद्धाला उपयोगी कारागिरांना देश सोडता येणार नाही: यंत्र चालवणारे, लेथवरचे कातारी, परिचारिका. खाली आठव्या ओळीत, काच फुंकणारे.

तिची पाळी आली तेव्हा चष्मेवाला कठड्यापाशी येऊन उभा होता. धावत आल्याने त्याला धाप लागली होती.

"व्यवसाय?" कारकुनाने विचारलं.

"घरकाम."

कारकुनाने शिक्का उचलला. तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं नाही. एवढं एक त्याने करावं, गप्प राहावं, मग बाकीचं सगळं सोडून देता आलं असतं. ते जुने घाम पुसलेले दिवस तरी तिला बरोबर नेता आले असते.

"साहेब," चष्मेवाला म्हणाला, "ती डोळे करते. काच फुंकते. अख्ख्या शहराला विचारा."

शिक्का खाली ठेवला गेला. रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवून पाहिलं. चष्मेवाला कठड्यावरून वाकला आणि त्याने तिच्या दंडावर हात ठेवला. हात घामाने चिकट होता. "तुझ्यासाठीच," तो हळूच म्हणाला. "रागावशील चार दिवस. मग होईल सगळं नीट."

"मग राहावं लागेल," कारकून म्हणाला. "या गृहस्थांशी लग्न ठरलंय का?"

"ठरलंय," चष्मेवाला म्हणाला.

"बायको म्हणून लिहिलं तर यांच्या घरी राहाल, यांच्याच दुकानात काम कराल. कारागीर म्हणून लिहिलं तर सरकारी कारखान्यात. तिथेच खाट, तिथेच जेवण, शहर दुसरं. दोन्ही लिहिता येत नाही, रकाना एकच आहे. काय लिहू?"

"बायको लिहा ना."

"मी बाईंना विचारलं."

डोळेवालीने दंडावरचा हात झुरळ झटकावं तसा झटकला. "कारागीर लिहा," ती म्हणाली.

"पण मग माझा करार—" चष्मेवाला बोलून गेला आणि थांबला.

कारकुनाने लिहिलं, शिक्का मारला आणि उजवीकडच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे दोन कातारी आणि एक परिचारिका बसले होते. परिचारिकेने सरकून जागा दिली. डोळेवालीने बॅग मांडीवर घेतली. सहा हजार तिला करावे लागणारच होते, कदाचित बारा. त्यातून तिची सुटका नव्हती, आणि राखाडी कांडीचा विचार पुन्हा येईल हेही तिला माहीत होतं.

चष्मेवाला कठड्याच्या कडेकडेने बाकापर्यंत आला.

"मी भेटायला आलो तर चालेल ना?"

"ये की," ती म्हणाली. "एक डोळा गेला की ये."

परिचारिका फसकन हसली आणि लगेच जमिनीकडे बघायला लागली. तेवढ्यात दारातून कुणीतरी नावं वाचायला सुरुवात केली. तिचं नाव त्याने चुकीचंच वाचलं. ती उठली.