पाणमांजरांचं वळण

अर्धी वाट सरली तरी मावशीचा राग उतरला नव्हता. नदीकाठच्या दगडगोट्यांतून ती अशी तरातरा चालली होती की मागे भाचीला धाप लागली.

मावशीची हयात राष्ट्रीय उद्यानाच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. आता ही रानातली नदी नातवंडांच्या पिढीपर्यंत जपायची, म्हणून नवा आराखडा होत होता. त्याच्या नकाशात एका वळणावर पायऱ्या आणि फोटोसाठी कट्टा दाखवा, असं साहेबांनी सकाळी फर्मावलं. पाणमांजरं पिल्लं घालतात ते नेमकं हेच वळण.

"जपायचं म्हणे. बाळंतिणीच्या खोलीत जत्रा भरवायची आणि दारावर पाटी लावायची, शांतता राखा."

"मग तू काय केलंस?"

"पेन्सिल ठेवली टेबलावर. म्हटलं, देवानं लपायला दिलेली जागा दाखवायचं पाप मी करणार नाही. दुसरा हात शोधा."

वळण आलं. पाण्यातून एक ओलं डोकं वर आलं आणि लगेच बुडालं. ग्रंथालयाच्या अंकासाठी मावशीवर लेख लिहीत असलेल्या भाचीने टिपून घ्यायला पेन काढलं. मावशीने तिचं मनगट धरलं.

"माझ्याबद्दल हवं ते लिही. खडूस म्हण, भांडकुदळ म्हण. पण हे वळण कुठल्या पुलानंतर येतं, तेवढं लिहू नकोस, बाई."