घुबडिणीचा घास

गाइड सदूने घुबडिणीला फसवलं, तेही माझ्यादेखत.

ती पानांआडूनच आंब्याच्या ढोलीत ये-जा करत होती. मी डाफरलो, "समोरून फोटो ठरला होता आपला!"

"दमा की साहेब, बोलावतो तिला." त्याने मोबाइल झुडपात ठेवून भुकेल्या पिल्लाचा रेकॉर्ड केलेला आवाज लावला. घुबडीण चोचीत पाल धरून तिथे उतरली. मान वळवून वळवून तिने पिल्लू शोधलं. सापडेना, तेव्हा पाल त्या उजळलेल्या काचेवरच ठेवून ती उडून गेली.

माझं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर थिजलं. वर ढोलीत दोन खऱ्या चोची आ वासून होत्या. बाजारात मी पुष्कळ ठग पाहिलेत. पण गिऱ्हाइकाला नको म्हणता येतं. पिल्लाची हाक आल्यावर आईला तेही जमत नाही.

"आला ना झकास?" सदूने विचारलं.

"फोटो मरू दे! तो घास आता ढोलीत कोण पोचवणार? बोल!"