खैरानमधली वाळूची पेटी

निवृत्तीनंतर माझं पोस्टिंग आखातात, जहराला झालं, असं मी घरी सांगतो. कागदोपत्री ती नोकरी आहे: ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी सुपरवायझर. पायदळातून मी नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो. शेवटची काही वर्षं वेपन ट्रेनिंगचा उस्ताद होतो. वर्कशॉपचे मालक अबू नासर यांनी माझ्या मुलाखतीतली तेवढीच गोष्ट लक्षात ठेवली.

त्यांचं खैरानला समुद्राकाठी शॅले, म्हणजे सुट्टीचं घर आहे. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी तिथे पाहुणे जमतात, जेवण होतं, आणि अंगणात एअर रायफलने टार्गेट मारतात. फायरिंग माझ्या देखरेखीखाली होतं.

एअर रायफल म्हटलं की आपल्याकडे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक डोळ्यांसमोर येते. ही ती नव्हे. हिच्या सिलिंडरमध्ये पंपाने दाबून हवा भरतात. हिचा जड पेलेट प्लायवूडमधून आरपार जातो आणि पलीकडच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. त्यामुळे माझा क्रम ठरलेला होता. आधी टार्गेटच्या मागे काय आहे ते पाहायचं, मग पेलेट अडवणारी पेटी, मग रायफल, शेवटी माणसं.

पेटी मी सुट्टीवर असताना वर्कशॉपच्या सुताराने केली होती. पुढे-मागे प्लायवूड, मध्ये हातभर जाडीची वाळू. वाळूला माझी हरकत नव्हती. वाळू गोळी गिळते. सरळ उभा केलेला लोखंडी पत्रा किंवा काँक्रीटची भिंत तिचे तुकडे करून मारणाऱ्याच्याच तोंडावर फेकते. हरकत जागेला होती. पेटीमागे वेताचा पडदा होता आणि पडद्यामागे स्वयंपाकघराची धुण्याची मोरी. मी जागा बदलायला सांगितलं. दुसऱ्या बाजूला बायका-मुलं बसतात, म्हणून अबू नासर नाही म्हणाले. मग मोरीवर बंदी घातली.

मोरी इस्माईलभाईंची. ते शॅलेचे स्वयंपाकी, दापोलीकडचे, वयाने माझ्याहून वडील.

"पलटणीत पण एवढेच नियम होते, की इकडे येऊन वाढवलेत?" त्यांनी विचारलं.

"इकडे कमी केलेत."

"मग मासळी धुवू कुठे? समुद्रात?"

"फायरिंग संपेपर्यंत आतल्या नळावर. मोरीत यायचं असेल तर आधी मला हाक मारा."

"हाक मारतो. सलाम पण ठोकतो."

त्या शुक्रवारी अबू नासर यांच्या मेव्हण्याने आपली नवी रायफल आणली होती. जुनीपेक्षा बरीच ताकदवान. मी मोरी रिकामी असल्याचं पाहिलं, पेटीचं झाकण उघडलं. वाळू काठोकाठ होती. सगळ्यांना चष्मे दिले. फायरिंग सुरू झालं.

मेव्हण्याचा नेम चांगला होता. चांगला नेम म्हणजे सगळे पेलेट एकाच जागी. पुढच्या प्लायवूडला टार्गेटच्या कागदामागे मुठीएवढं भोक पडलं आणि त्यातून वाळू वाहू लागली. आपल्याकडच्या रेंजवर गोळ्या अडवायला मातीचा बांध असतो, त्याला स्टॉप बट म्हणतात. ती माती ओल धरते, त्यावर गवत वाढतं, भोक पडलं तरी ती जागेवर राहते. इथली वाळू कोरडी आणि पिठासारखी बारीक. ती पाण्यासारखी निघून जाते. कागद खालपर्यंत लोंबत होता, त्यामुळे फायरिंग पॉइंटवरून ती दिसत नव्हती. पेटीचा वरचा भाग रिकामा होत गेला.

मला आधी फरक ऐकू आला. वाळूत पेलेट शिरला की धप्प असा बसका आवाज येतो. एक आवाज टक्क आला. त्यापाठोपाठ पेटीच्या मागून इस्माईलभाईंचा आवाज आला.

"हा ड्रम कोणी फोडला रे? सगळं पाणी चाललं."

मी म्हणालो, "स्टॉप."

मेव्हण्याच्या कानांवर आवाज अडवणारे मफ होते. त्याने पुढचा पेलेट भरला होता.

"स्टॉप. बोल्ट ओपन."

अबू नासर म्हणाले, "सुभेदार, लास्ट वन. मेहमान है."

माझा इकामा, म्हणजे या देशात राहण्याचा परवाना, त्यांच्या कंपनीवर होता. घरी मुलीचं शिक्षण चालू होतं. मी मेव्हण्याच्या बाजूला गेलो, रायफलची नळी हाताने जमिनीकडे दाबली आणि बोल्ट मागे खेचला. तो उठून उभा राहिला आणि अरबीत बरंच काही बोलला. मी रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली.

"क्या किया तुमने?" अबू नासर यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ते जास्त वाईट.

"सर, आप पीछे चलिए."

मोरीत पाण्याचा निळा प्लास्टिकचा ड्रम होता. त्याला कमरेच्या उंचीवर भोक पडलं होतं. इस्माईलभाई गुडघ्यावर बसून त्या भोकात बोट घालून पाणी अडवत होते. त्यांचं डोकं आणि पेटीच्या मागच्या प्लायवूडमधलं भोक एका रेषेत होतं.

"हाक मारणार होतो," ते म्हणाले. "पण पाणी चाललं होतं ना."

अबू नासर यांनी प्लायवूडच्या भोकाला बोट लावलं. मग इस्माईलभाईंना हाताला धरून उभं केलं. पाहुण्यांना ते एवढंच म्हणाले, "खलास. जेवू या." मेव्हणा माझ्याशी त्या दिवशी बोलला नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर मला बोलावणं आलं. मी रायफली ठेवायच्या कपाटाची किल्ली बरोबर घेतली होती, परत द्यावी लागली तर म्हणून. अबू नासर म्हणाले, "यल्ला, जो चाहिए ले लो. जगह भी तुम बोलो."

नवी पेटी गॅरेजच्या जाड भिंतीला टेकून उभी केली. आत टायर कापून केलेले रबराचे तुकडे, पायाने दाबून ठासलेले. रबर वाहत नाही. मागे जाड लोखंडी प्लेट, तिरपी, म्हणजे एखादा पेलेट पोहोचलाच तर खाली वळेल. पुढे कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. त्यात पडलेलं भोक आपोआप मिटतं. टार्गेटचे कागद पाच ठिकाणी लावायचे, एकाच जागी मारा नको. पेलेटचा डबा संपला की पेटी उघडायची, साठलेलं शिसं काढायचं. नाहीतर त्या शिशाच्या गोळ्यावर आपटून पुढचा पेलेट परत येतो. शेवटी साबणाने हात धुवायचे.

रबर भरायला इस्माईलभाई आले. काम करताना त्यांनी विचारलं, "आवाजावरून कसं काय कळलं तुम्हाला?"

मी त्यांना नायक भिवा गावडे याच्याबद्दल सांगितलं. आजरा तालुक्यातला. रेंजवर टार्गेट वर-खाली करणारी बट पार्टी असते. ती स्टॉप बटच्या पुढ्यात, जमिनीखालच्या गॅलरीत बसते. गावडे ती ड्यूटी मागून घ्यायचा. तिथे सावली असते आणि साहेब लोक येत नाहीत, असं म्हणायचा. त्या वर्षी बटवर नाल्यातली नवी माती टाकली होती. तिच्यात दगड होता, आणि दगडावर आपटलेली गोळी उलटून गॅलरीत येते. मी फायरिंग पॉइंटवर फोनजवळ होतो. टक्क असा आवाज आला. मग फोन वाजला.

"बट टू फायरिंग पॉइंट. चेक फायर. वन कॅज्युअल्टी."

"कोण?"

"गावडे."

ॲम्ब्युलन्स रेंजवरच उभी होती. उपयोग झाला नाही.

त्यानंतर आमच्या पलटणीत एक रिवाज पडला. फायरिंगच्या आदल्या दिवशी सगळी कंपनी बटची माती चाळते. शिसं काढते, खडे काढते. नवे जवान कुरकुर करतात. त्यांना कारण सांगितलं जातं.

"त्याचं नाव कुठे लिहिलंय का?" इस्माईलभाईंनी विचारलं.

नाही. पलटणीच्या स्मारकावर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत, आणि ते बरोबर आहे. गावडेचं नाव चाळणी धरणाऱ्या हरेक बॅचला तोंडी सांगतात. मी उस्ताद असताना मीही सांगितलं.

इस्माईलभाईंनी हातातला रबराचा तुकडा खाली ठेवला. "परत सांगा," ते म्हणाले. "पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. ते त्यांनी एकदा स्वतःशी म्हटलं, आणि आम्ही पेटीचं झाकण बसवलं.