खिडकीतली अँटेना आणि आप्पांची हाळी

या गूढ अनुभवांच्या धाग्यावर कधी काळी मी स्वतः काही लिहीन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी महाडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. इथल्या अर्ध्या अनुभवांखाली "आधी घरचं वायरिंग तपासा" असा खवचट शेरा मारणारी ती मीच! तेव्हा आज माझी खुशाल चिरफाड करा, मी काही रागावणार नाही.

माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातली लहानशी वाडी. दोन्ही भाऊ मुंबईला, वडील - आप्पा - तिथे एकटे. महाडला चला म्हणून मी घसा कोरडा केला, पण त्यांचं आपलं एकच, "भात कोन बगील?" पावसात वाडीची लाईट जाते, मोबाईलला रेंज नसते आणि इकडे मला घास गिळत नाही. म्हणून पोलादपूरच्या आमच्या स्वयंसेवक गटाने रीतसर परवाना काढून वाड्यांना वॉकीटॉकी दिले, तेव्हा आमच्या वाडीचा सेट मी आप्पांच्या गळ्यात मारला. माझ्याकडे गटाचा एक स्कॅनर आला. स्कॅनर म्हणजे नुसतं ऐकायचं यंत्र... त्यातून बोलता येत नाही.

आणि ऐकू काय येत होतं? खरखर! आमची बिल्डिंग सिमेंट-लोखंडाची, भोवती डोंगर, स्कॅनरची रबरी अँटेना बोटभर. गच्चीवर मोठी अँटेना लावायला सोसायटीने नकार दिला. म्हटलं ठीक आहे, घरातच लावून दाखवते. तांब्याची तार आणली, साधारण हातभर लांबीचे तुकडे कापले. एक उभा, चार खाली तिरपे. वाडीच्या दिशेच्या खिडकीत ती बांधली, तर लोखंडी ग्रिल आड येई. मग बांबूवर बांधून ग्रिलबाहेर काढली. केबल लांब असली की सिग्नल वाटेतच मरतो, म्हणून ती बेताची ठेवली. इन्व्हर्टर आणि चार्जर दुसऱ्या खोलीत हलवले. "कपडे वाळत घालायला तारा कमी पडल्या काय?" नवऱ्याने, महेशने, चिडवून घेतलं. मी हट्टाला पेटले होते. आणि एका संध्याकाळी आप्पांचा आवाज स्वच्छ आला, "वाडी ठीक हाय." मी अक्षरशः नाचले हो!

गेल्या पावसाळ्यातली ती दुपार. चार दिवस संततधार, कशेडी घाट बंद. स्कॅनरवर गटाचा संदीप सांगत होता की आमच्या वाडीच्या पायवाटेवरचा ओढा फुगलाय, कड ढासळतेय, कुणी उतरू नका. वाडीकडून उत्तरच नव्हतं. संदीप हाक मारून दमला. मी स्कॅनरचा आवाज पूर्ण वाढवला.

आणि मग स्कॅनरमधून आवाज आला. वॉकीटॉकीवर बोलतात तसा नाही. आमच्याकडे डोंगरात या वाडीवरून त्या वाडीला हाळी देतात ना, तोंडाशी हात धरून, शेवटचं अक्षर लांबवत... तसा.

"ए शुभेऽऽ! आमी समदी देवळात हाव गोऽऽ! खाली उतरू कायऽऽ?"

हाळी आली की ओ द्यायचीच, हे आमच्या रक्तात. मी खिडकीकडे तोंड करून बोंबलले, "ओऽऽ आप्पा! थांबा! उतरू नका! वाट ढासळतेय, उतरू नका!" फिजिक्सची बाई, ऐकायच्या यंत्रासमोर ओरडत होती! महेश स्वयंपाकघरातून धावत आला. "आप्पा आले काय गं?" त्यानेही ऐकलं होतं.

मी संदीपला फोन लावला, माणसं देवळात आहेत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, आप्पांचा सेट आत्ताच कुणी गिरणीतून आणून दिला, माझ्या समोर आहे."

झालं असं होतं... लाईट गेली की वाडीतलं कुणीतरी सगळ्यांचे मोबाईल पिशवीत भरून पोलादपूरच्या गिरणीत चार्जिंगला आणतं. आदल्या दिवशी आप्पांनी मोबाईलबरोबर वॉकीटॉकीही त्याच पिशवीत टाकून दिला होता! माणूस खाली अडकला, पिशवी गिरणीत राहिली.

संध्याकाळच्या आत गटाची पोरं मागच्या डोंगराकडून देवळात पोचली. सगळे सुखरूप. खालची वाट ओढ्याने नेली होती.

दोन दिवसांनी आप्पा भेटले, तेव्हा सेट खाली पाठवल्याबद्दल मी त्यांना फाडफाड बोलले. ते म्हणाले, "पोरं उतराया निघाली व्हती. म्या म्हनलं, शुभेला इचारतो. हाळी दिली. तू ओ दिलीस, थांबा म्हनालीस. मंग कशाला उतरतोय?"

"आणखी कुणी ऐकलं?"

"नाय. मला आली ऐकू."

मी सोडते थोडीच! पाऊस ओसरल्यावर आप्पांना त्याच देवळापुढे उभं करून, ठरल्या वेळी हाळी द्यायला लावली. इकडे तीच अँटेना, तोच स्कॅनर. नुसती खरखर. दुसऱ्या कुणाचा सेट चालू राहिला होता का, तेही तपासलं; नव्हता. गटातल्या कुणीच ती हाळी ऐकली नव्हती. तुमच्याकडे उत्तर असेल तर लिहा, माझ्याकडे अजून नाही.

यंदा वॉकीटॉकी परत द्यायला गेले, तर आप्पा घेईनात. "कशाला गो? तू हायस ना ऐकाया."

माझे डोळे भरून आले. मग मी सेट दोरीत ओवला, त्यांच्या गळ्यात घातला आणि गाठ मारली. जे कसं झालं तेच मला ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर मी माझा बाप ठेवणार नाही.