अळिवाचे लाडू

तिसऱ्या केमोनंतर नवऱ्याचं हिमोग्लोबिन पुन्हा घसरलं आणि मी त्याच्यावरच चिडले. "नीट खात नाहीस, मग रक्त येणार कुठून?" आईने पुण्याहून अळीव पाठवले होते. त्यांचे गूळ-खोबरं घातलेले लाडू करून, बाळंतिणीला देतात तसे, मी त्याला रोज दोन खाऊ घालत होते. बशी रिकामी होईपर्यंत समोरून हलत नसे.

रक्त चढवायला हॉस्पिटलमध्ये गेलो, तेव्हा मी नर्सला या लाडवांचं कौतुकाने सांगितलं. ती हळूच म्हणाली, केमोमुळे हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणंच मंदावलंय. खाण्याने ते भरून निघणार नाही. मला तिचाही राग आला.

परतताना इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स शहरातल्या एकामागून एक येणाऱ्या राउंडअबाउटच्या गोल चौकांवरून मी धुमसत गाडी चालवत होते.

"तुला हे माहीत होतं?"

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू पार्किंग शोधत होतीस."

"मग तोंडाला चव नसताना ते लाडू गिळत कशाला होतास?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लाडू वळताना तू रडायची नाहीस."